लिफ्टमध्ये कोण बसलं

४ जानेवारी

ठकू,

पाकिटावरचं अक्षर बघूनही तू हे उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. माझी तब्येत बरी आहे. काम असल्याशिवाय मी कुणाला लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा सरळ कामाचं सांगतो.

आपल्या इमारतीत मी लिफ्ट बसवली आहे. जिन्याच्या मधोमध जी मोकळी जागा होती ना, जिथून तू लहानपणी खाली थुंकायचीस आणि लाँड्रीवाला वर बघून ओरडायचा, तिथेच. लहानशीच आहे, तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने पोट आत घ्यायचं. बसवणारा म्हणाला, तिसऱ्या मजल्यापर्यंतच नेऊ, वर न्यायची तर भिंत फोडावी लागेल, खर्च वाढेल. मी म्हटलं, बाबा रे, चौथ्यापर्यंत जाणार नसेल तर बसवायचीच कशाला? फोड भिंत.

तुझ्या पायाचं शिवणमावशीकडून कळलं. खुब्याच्या हाडाला पट्टी घातली, आता काठी घेऊन चालतेस आणि जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. लिफ्टचा आणि याचा काही संबंध नाही. उगाच भलता अर्थ काढू नकोस. इमारत जुनी झाली, सुधारणा करायला नको का?

आता मुद्दा. कायदा असा आहे की मोडलेलं दुरुस्त केलं तर पैसे मालकाच्या खिशातून. पण नवीन सोय केली, म्हणजे सुधारणा केली, तर तो खर्च भाडेकरूंकडून भाडं वाढवून घेता येतो. फक्त एक खोच आहे. ज्याने सही करून मान्य केलं त्याच्याकडूनच घेता येतो, किंवा ज्याने सही न करता ती सोय वापरली त्याच्याकडून. मी चौघांनाही कागद दिला. चौघांनीही सही केली नाही. इतरांचं मी बघून घेईन. पण शिवणमावशीसुद्धा? तिसऱ्या मजल्यावर राहते, गुडघे कुरकुरतात, लिफ्टचा सगळ्यात जास्त फायदा तिलाच, आणि तीच नाही म्हणते! तुझी आई गेल्यापासून तू माझ्या घरी फक्त झोपायला यायचीस, बाकी जेवणखाण, वेणीफणी सगळं तिच्याकडे. तुझा शब्द ती खाली पडू देणार नाही. तिला दोन ओळी लिही, म्हणावं सही करून टाका.

एवढंच काम होतं.

तुझा बाप


१९ जानेवारी

ठकू,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र मिळालं नाही असं समजून पुन्हा लिहितो, पण पोस्टमनने पाकीट तुझ्याच दारात टाकलं याची मी चौकशी केली आहे.

इथे काय नाटक चाललंय ते ऐक. या लोकांनी लिफ्टवर बहिष्कार टाकलाय! पहिल्या मजल्यावरचा तो वकिलाचा कारकून, त्याच्या डोक्यातून निघालेली ही अक्कल. दिवसभर वकिलाचे कागद इकडून तिकडे करतो म्हणून स्वतःलाच वकील समजतो. त्याने सगळ्यांना बजावलंय, लिफ्टमध्ये पाऊल टाकू नका, एकदा जरी बसलात तरी वापर झाला, मग मालक वसुली लावणार. आणि हे सगळे मुकाट्याने जिने चढतायत. दुसऱ्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून येते, डोळे मिटत असतात, कठडा धरून चढते, पण लिफ्टकडे बघत नाही. लाँड्रीवाल्याचं तर काय, तो तळमजल्यावर. मला म्हणतो, "मालक, मी लिफ्टने कुठे जाऊ? खाली?"

उभं आयुष्य मी बसमध्ये तिकिटं तपासली. फुकटे लोक मी वासावरून ओळखतो. तिकीट नसलेला माणूस खिडकीतून बाहेर बघतो, एकदम झाडांची आवड लागल्यासारखा. ही मंडळीही तशीच साळसूद चेहऱ्याने माझ्यासमोरून जातात. म्हणून मी लक्ष ठेवून होतो.

परवा लिफ्टचा आवाज आला. मी चपला न घालता धावलो. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आत माणूस नाही. भाजीची पिशवी! नर्सने खाली पिशवी आत ठेवली, बटण दाबलं आणि स्वतः जिन्याने धापा टाकत वर आली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणते, "मी कुठे बसले? पिशवी बसली." लगेच कारकून खालून ओरडला, "मालक, पिशवी भाडेकरू नाही!" सगळा जिना हसला. तुझी मावशीसुद्धा दारात उभी राहून हसत होती. मी ते पाहिलं आहे.

आता लिफ्टच्या दारावर पाटी लावली आहे. आत माणूस असो वा सामान, वापर तो वापर.

तू मावशीला लिहिलंस का?

तुझा बाप


२ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. त्यातली एक तारीख.

"मावशींना त्रास देऊ नका. त्यांना वाढीव भाडं झेपणार नाही. तुम्हाला पैसे हवे असतील तर दुसरा मार्ग शोधा." वा! म्हणजे मी पैशाला हपापलेला मालक आणि ती बिचारी. तुला कुणी सांगितलं तिला झेपणार नाही म्हणून? मी तर लिहिलं नव्हतं. म्हणजे इथल्या बातम्या तुला बरोबर पोचतायत. कोण पोचवतं? मावशी फोनवर हळू आवाजात बोलते हे मी भिंतीला कान लावून ऐकलेलं नाही, पण वरच्या मजल्यावर ऐकू येतं त्याला मी काय करू. मी जिन्यात दिसलो की ती बोलणं थांबवते आणि मोठ्याने विचारते, "भाऊ, जेवलात का?" ताकास तूर लागू देत नाही.

आणि तू शेवटी लिहिलंस, "तुम्हाला सगळेच विनातिकीट वाटतात." हे जावईबापूंवरून आहे, कळलं मला. अगं, मुलगी द्यायची म्हटल्यावर बाप चौकशी करणारच. त्यांच्या ऑफिसात गेलो, पगाराचा कागद बघायला मागितला, साहेबांना विचारलं हा माणूस कायम आहे का. यात काय आभाळ कोसळलं? कागद खरा निघाला. मी तेव्हाच म्हटलं होतं, खरा आहे, माझी हरकत नाही. तर तू म्हणालीस, हरकत नाही म्हणजे काय, पास झाला का तो? आणि बॅग उचललीस. चार जिने पायांनी उतरून गेलीस. तेव्हा पाय चांगला होता.

असो. सुनावणी लागली आहे. भाडे कार्यालयात मी अर्ज केला होता, या लोकांकडून खर्च वसूल करून द्या म्हणून. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, सही नसेल तर वापराचा पुरावा आणा. मी विचारलं, भाडेकरू स्वतः नाही बसला, त्याच्याकडे आलेला पाहुणा बसला तर? त्या म्हणाल्या, पाहुण्याचा वापर तो भाडेकरूचाच वापर. हे मी नीट लक्षात ठेवलंय.

मावशीला सांग, अजून वेळ गेलेली नाही.

तुझा बाप


१६ फेब्रुवारी

ठकू,

पाणी कुठेतरी मुरतंय. तुला सांगतो, कारण इथे सांगायला दुसरं कुणी नाही.

दुपारी जेवून मी जरा आडवा होतो. उठून बाहेर येतो तेव्हा लिफ्ट जिथे ठेवली तिथे नसते. मी मुद्दाम चौथ्यावर आणून ठेवतो आणि उठल्यावर बघावं तर तळाला. कुणीतरी बोलावल्याशिवाय ती जाईल कशी? रोज नाही होत हे. आठवड्यातून एखाद्या दिवशी. त्या वेळी नर्स रात्रपाळीहून येऊन झोपलेली असते, कारकून ऑफिसात, लाँड्रीवाला इस्त्रीवरून मान वर करत नाही. राहिलं कोण? तिसरा मजला.

मी सरळ विचारलं. "मावशी, दुपारी लिफ्ट कोण चालवतं?" शिवणयंत्राचं चाक फिरवत राहिली. म्हणाली, "वारा असेल." वारा! वारा बटण दाबतो वाटतं आता. मी म्हटलं, बसला असाल तर कबूल करा, वाढ आपण थोडी कमी करू. त्यावर तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "भाऊ, माझ्या पायांनी मी कधीच बसले नाही त्यात. देवाशपथ."

"माझ्या पायांनी" असं का म्हणाली? साधं "मी" म्हणता आलं असतं. अशा वाक्यांत माणूस काहीतरी लपवतो. बसमध्येही "मी तिकीट काढलं होतं" म्हणणारे वेगळे आणि "तिकीट काढलं होतं" म्हणणारे वेगळे.

तिच्याकडे हल्ली बिस्किटांचा पुडा असतो, चांगल्यातला. स्वतःसाठी ती असलं कधी आणत नाही. अंगणात, आपलं, गॅलरीत दोन कप वाळत होते. एकटीला दोन कप कशाला?

या आठवड्यात दुपारी झोपणार नाही. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर वर्तमानपत्र घेऊन बसणार आहे. तिथून तिचं दार दिसतं आणि खालच्याला मी दिसत नाही. पकडतोच.

तुझा पाय कसा आहे ते तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाहीये, फक्त लिहिलं नाहीस असं म्हणतोय.

तुझा बाप


२४ फेब्रुवारी

ठकू,

पकडलं.

काल दुपारी मी वळणावर बसलो होतो. लिफ्ट खाली गेली, घरघर करत वर आली, तिसऱ्यावर थांबली. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, उठलो, काय बोलायचं ते ठरलेलंच होतं. दार सरकलं आणि आधी काठी बाहेर आली. मग तू.

मी तुला वरून पाहिलं. भांगापाशी केस पांढरे झालेत तुझे. या वयात? निळी पिशवी खांद्याला होती, ती सारखी घसरत होती आणि तू हनुवटीने धरत होतीस, कारण एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने लिफ्टचं दार लावत होतीस. मावशीने दार उघडलं तेव्हा तू "आले हो मावशी" म्हणालीस. ज्या घरात मूल रोज येतं तिथे म्हणतात तसं.

मी खाली उतरायला हवं होतं. उतरलो नाही. कठड्याला चिकटून उभा राहिलो, तिकीट तपासणारा चढला की मागच्या दाराशी सरकणारा माणूस उभा राहतो तसा. माझ्याच इमारतीत!

दार नीट लागलं नव्हतं तुमचं. मला सगळं ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तू म्हणालीस, "मावशी, आता हट्ट पुरे. भाडं वाढलं तर कुठून भरणार? माझ्याकडे चला. तळमजल्याचंच घर आहे, एक खोली तुमची." ती म्हणाली, "या वयात यंत्र डोक्यावर घेऊन कुठे फिरू गं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आलीच आहेस तर वर जाऊन ये. एकच मजला आहे. बटण दाबलं की झालं." आणि तू म्हणालीस, "वर गेले की आधी विचारतील, कुणाला विचारून बसलीस."

एकच मजला, ठकू. एक बटण. दर आठवड्याला येतेस, माझ्या पायाखाली बसून चहाबिस्किटं खातेस आणि उतरून जातेस. आणि येऊन काय करतेस, तर माझी तिसऱ्या मजल्याची भाडेकरू पळवायचा बेत! म्हणजे तूही गेलीस, आता तीही जाणार. मला एकट्याला वर ठेवून द्यायचा डाव आहे का तुमचा? मिळून ठरवलंय का हे?

मला राग आला आहे. लपवत नाही. पण एक गोष्ट नीट ऐक. पाहुण्याचा वापर तो भाडेकरूचाच वापर, हे अधिकारी बाईंनी स्वतः सांगितलंय. तू बसलीस, म्हणजे मावशी बसली. मी डोळ्यांनी पाहिलंय. सुनावणीत हे सांगितलं की मावशीची वसुली लागली. आणि एकीची लागली की बाकीचे आपोआप नरम येतील. पुरावा माझ्या हातात आहे.

तुझा बाप


३ मार्च

ठकू,

पाकीट मिळालं. आतले पैसेही मिळाले. चिठ्ठीत लिहिलंस, "मी बसले ते खरं आहे. जितक्या वेळा आले त्याचे हे घ्या आणि मावशींचं नाव काढू नका. कमी पडले तर कळवा."

मी ते पैसे टेबलावर ठेवले आणि जेवलो नाही. बापाच्या घराखालच्या मजल्यावर येण्याचं भाडं लेकीने पाठवलं! कुणाला सांगू हे? लाँड्रीवाल्याला सांगितलं तर म्हणेल, घ्या की मालक, पहिली वसुली झाली.

पैसे परत पाठवतोय. तसेच आहेत, मी मोजलेही नाहीत. आणि कमी पडले तर कळवा हे वाक्य तू लिहायला नको होतंस. एवढं टोचायला तू कुणाकडून शिकलीस? तुझी आई असं बोलत नसे. म्हणजे माझ्याकडूनच.

मावशीने मला काल जिन्यात गाठलं. यावेळी "जेवलात का" असं विचारलं नाही. म्हणाली, "पोरीला तुम्ही पाहिलंत ना? मग हाक का नाही मारलीत?" मी म्हटलं, चोरून येणाऱ्याला हाक कशी मारायची. ती म्हणाली, "चोरून नाही आली. तुम्ही झोपलेले असता तेव्हा आली. तुम्हाला भिते ती, अजून." मी म्हटलं, मला भ्यायला मी काय वाघ आहे? तर म्हणाली, "वाघाला माणूस एकदाच भितो, भाऊ." आणि गेली गुडघे धरत.

सुनावणी बुधवारी आहे. मी काय बोलणार आहे हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नाही. तू लगेच मावशीला फोन करशील आणि मावशी कारकुनाला.

तुझा बाप


१२ मार्च

ठकू,

मावशीने तुला फोन केलाच असेल. पण तिच्या तोंडून आणि माझ्या तोंडून यात फरक पडतो, म्हणून लिहितो.

भाडे कार्यालयाची खोली लहान, खुर्च्या डगमगत्या. अधिकारी बाईंना सर्दी झाली होती, प्रत्येक प्रश्नानंतर रुमाल. एका बाजूला मी एकटा. दुसऱ्या बाजूला कारकून पुढे, त्याच्या मागे नर्स, लाँड्रीवाला आणि मावशी. मावशीने जाड भिंगांचा चष्मा लावला होता, कापड बेतताना लावते तो. माझ्याकडे एकटक बघत होती. तिला वाटत होतं मी सांगणार.

मलाही वाटत होतं मी सांगणार. खरं सांगतो, खुर्चीवरून उठेपर्यंत माझं तसंच ठरलं होतं.

बाई म्हणाल्या, "सही कुणाची नाही. मग वापराचा काही पुरावा?" कारकून लगेच, "मॅडम, पिशव्या सोडून काही नाही." बाईंनी मला विचारलं, "तुम्ही स्वतः कुणाला लिफ्टमध्ये पाहिलं? भाडेकरू किंवा त्यांच्याकडे येणारं कुणी?"

उभ्या आयुष्यात मी कुणालाही तिकिटाशिवाय सोडलेलं नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्याला दंड लावला होता मी, तुला माहीत आहे, तुझी आई महिनाभर बोलली नव्हती. मी बाईंना म्हटलं, "नाही. कुणालाच पाहिलं नाही."

कारकून माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं मी चुकून बोललो. मावशीने चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागली.

बाई कागद मिटणार होत्या. मग त्यांनी रुमाल नाकाला लावून विचारलं, "एक कळत नाही. खालच्याला लिफ्ट नको, पहिल्याला नको, दुसरी-तिसरीने कधी मागितली नाही. कर्ज काढून एवढं काम केलंत, भिंतसुद्धा फोडलीत. मग ही लिफ्ट तुम्ही बसवली कुणासाठी?"

सुधारणेसाठी, असं उत्तर माझ्या जिभेवर होतं. अर्जात तसंच लिहिलं होतं. पण तोंडातून निघालं, "माझ्या मुलीसाठी. तिला जिना चढवत नाही. मी चौथ्या मजल्यावर राहतो. ती यावी म्हणून बसवली."

लाँड्रीवाला मागून म्हणाला, "अरे देवा."

बाईंनी लिहायला घेतलं. लिहितानाच म्हणाल्या, "मग ही भाडेकरूंसाठी केलेली सुधारणा होत नाही. ही मालकाची घरगुती सोय. खर्च सगळा मालकाचा. अर्ज नामंजूर." असं त्यांनी सर्दीच्या आवाजात, अगदी साधेपणाने सांगितलं आणि पुढच्यांना हाक मारली.

म्हणजे माझ्याच तोंडाने मी हरलो. कारकुनाला तर काही करावंच लागलं नाही. पण बाहेर पडताना त्याने मला रस्ता करून दिला, पुढे व्हा म्हणाला.

मावशी परतीच्या वाटेवर माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "हे तुम्ही पोरीला का नाही लिहिलंत? तिला वाटतं आम्हाला पिळायला बसवलीत." मी म्हटलं, लिहिलं होतं की, संबंध नाही म्हणून. ती थांबली, कपाळावर हात मारला आणि रस्त्यातच हसायला लागली. मग डोळे पुसले. मला काही कळलं नाही, पण मीही थांबलो तिच्यासाठी.

ती जाणार नाही म्हणते. भाडं वाढणार नाही, मग कशाला जाऊ, म्हणते. तेव्हा तुझा बेत फसला. मला त्याचा आनंद झाला आहे.

तुझा बाप


३० मार्च

ठकू,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही, त्यावरून मी काय समजायचं ते समजलो.

इथली गंमत ऐक. मी दारावरची पाटी काढली. प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं, लिफ्ट फुकट आहे, खुशाल वापरा. कुणीही वापरायला तयार नाही! नर्स म्हणाली, "लेखी द्या." दिलं. तिने ते कारकुनाकडून तपासून घेतलं. कारकुनाने कागद उजेडात धरून बघितला, जणू मी नोटच छापली होती. म्हणाला, "मालक, तुम्ही एवढे सरळ कधीपासून झालात? यात काय आहे ते सांगून टाका." मी म्हटलं, काही नाही रे. तो म्हणाला, "तेच तर." आणि जिन्याने गेला. आठवडाभर सगळे जिनेच चढत होते आणि लिफ्ट एकटी उभी. शेवटी मावशी एके दिवशी कापडाचा गठ्ठा घेऊन आत शिरली आणि ओरडून म्हणाली, "बघा रे, मी बसले, बघू भाऊ मला काय करतात!" मग हळूहळू बाकीचे.

लोकांनी आपल्यावर असा संशय घेतला की कसं वाटतं, ते मला या वयात कळलं. फार वाईट वाटतं, ठकू. जावईबापूंना पगाराचा कागद दाखवताना कसं वाटलं असेल, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारलं तर चालेल का?

दुसरी गोष्ट जरा कठीण आहे. कर्जाचा हप्ता भाडेवाढीतून जाणार होता. ती आता नाही. माझ्या पेन्शनमध्ये हप्ता आणि पोट दोन्ही भागत नाही. तुला पैशासाठी लिहीत नाहीये, पुन्हा पाकीट पाठवलंस तर मी येऊन दारात टाकीन. मी मार्ग शोधला आहे. ठरलं की कळवतो.

तुझा बाप


२० एप्रिल

ठकू,

पत्ता तोच, पण मजला बदलला. म्हणून लिहितो.

चौथा मजला भाड्याने दिला. चांगलं हवेशीर घर, आणि वर लिफ्ट, म्हटल्यावर लगेच माणसं आली. नवराबायको आहेत, दोघंही बँकेत. मी त्यांचा पगाराचा कागद मागितला नाही. मावशी म्हणाली, मागा हो, भाडेकरूंचा मागतात! मग मागितला.

त्यांच्या भाड्यातून हप्ता जातो. मी खाली आलो. लाँड्रीवाल्याच्या दुकानामागे ती खोली आहे ना, तो तिथे मोडकी टेबलं ठेवायचा. दुकान आणि खोली दोन्ही त्यानेच भाड्याने घेतलेली. मी म्हटलं, ती मागची मला दे, तुझं भाडं कमी करतो. त्याने कान खाजवला. म्हणाला, "देतो मालक. पण मी गेल्या वर्षी तिला नवी खिडकी बसवली आणि रंग दिला. ती सुधारणा आहे. खर्च तुमच्याकडून."

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. कारकुनाने शिकवलं असणार, दुसरं कोण? मी म्हटलं, सही करू की वापरू? तो म्हणाला, "वापरा, म्हणजे झालं." पैसे दिले. पावती मात्र घेतली, तेवढी सवय जायची नाही.

सामान खाली आणायला सगळे आले. कारकुनाने कपाट धरलं, नर्सने भांडी. लिफ्टमधून आलं सगळं. मावशी वरून सूचना देत होती, कुणाला काही ऐकू येत नव्हतं. तुझ्या आईचा फोटो मी स्वतः जिन्याने आणला. चार जिने उतरताना मध्ये बसावं लागलं, आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. रस्त्यापासून या खोलीपर्यंत एकही पायरी नाही. एकही नाही, ठकू. तू काठी टेकत सरळ आत येशील.

लिफ्टच नको होती गं. कर्ज नको, भिंत फोडायला नको, सुनावणी नको. तू वर येऊ शकत नाहीस म्हटल्यावर मी खाली यायचं, एवढंच काम होतं. ते मला सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही असं मी लाँड्रीवाल्याला म्हटलं, तर म्हणाला, "मला सुचलं होतं. पण तुम्हाला वाटलं असतं, मला चौथा मजला हवाय."

मला तुला बघायचं आहे. समोरून. जावईबापूंनाही घेऊन ये. दुपारी ये नाहीतर केव्हाही ये, मी झोपलेला असेन तर उठव. कडी वाजवायचीही गरज पडणार नाही. इस्त्रीची वाफ एवढी येते की दार बंद ठेवताच येत नाही.

तुझा बाबा